कर्ता कोण?

सज्जनहो, मुंग्यांच्या रांगेला पुढारी नसतो. पुढची मुंगी वाटेवर गंध ठेवते, मागची त्या गंधाने चालते. जवळच्या वाटेवर ये-जा लवकर होते, म्हणून तिथे गंध दाटतो. लांबची वाट ओस पडते. हुकूम कोणाचाच नाही, पण काम चोख!

हीच युक्ती घेऊन इटलीतील मिलान येथे मार्को दोरिगो यांनी १९९२ च्या आपल्या प्रबंधात संगणकामध्ये नुसत्या अंकांच्या मुंग्या चालविल्या. अनेक गावे एकेकदा फिरून परत यायचे, तर जवळचा मार्ग कोणता, हे त्या मिळून शोधतात. जुना गंध उडून जावा अशीही तजवीज त्यात आहे. नाही तर पहिली चूकच कायमची वाट होऊन बसायची.

आता पूर्वपक्ष असा, की जिथे हुकूम देणारा नाही तिथे दोषही कोणाचा नाही. बाबांनो, हे खरे नव्हे. मुंगीला गंध कळतो. पण संगणकात ‘जवळची ती चांगली’ हे माप घालून देतो तो माणूसच. ती वाट कोणाच्या उभ्या पिकातून गेली, तर मुंगीला काय विचारणार? यंत्र आपोआप चालेल, माप आपोआप ठरत नाही. ज्याने माप धरले तोच कर्ता, आणि जाबही त्यानेच द्यावा.