एक ते दहा

सज्जनहो, सर्वांभूती भगवंत पाहावा, हे आपण नित्य ऐकतो, नित्य बोलतो. पण समोरचा जीव काय सांगतो आहे हे ऐकून घेतल्यावाचून त्याच्यातला भगवंत दिसायचा कसा? यास एक दाखला पाहा.

सन १८३९ च्या जूनअखेर क्युबातील हवाना बंदरातून ‘अमिस्टाद’ नावाचे गलबत निघाले. अमिस्टाद म्हणजे मैत्री! आणि आत विकत घेतलेली ५३ माणसे. त्यांत ४ लेकरे. सारी आफ्रिकेतून धरून आणलेली, बहुतेक मेंदे लोक. तुम्हांला मारून खाणार, असे स्वयंपाक्याने खुणेने सांगितले. तेव्हा सेंग्बे पिये याच्या पुढारपणाखाली त्यांनी बेड्या सोडवल्या, ऊसतोडीचे कोयते उचलले. कप्तान व स्वयंपाकी मारले गेले. दोघा मालकांना मात्र राखले, गलबत आफ्रिकेला न्या म्हणून. ते दिवसा उगवतीकडे नेत नि रात्री गुपचूप वळवीत. शेवटी अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ सारे पकडले गेले व कनेक्टिकटच्या तुरुंगात पडले.

आफ्रिकेतून गुलाम आणण्यास स्पेनच्याच कायद्याने बंदी होती. म्हणून खोटे कागद केले, की हे क्युबातलेच जुने गुलाम. खरे सांगावे तर त्यांची बोली कोणाला येईना. तेव्हा येलचे प्राध्यापक गिब्ज तुरुंगात गेले, एकेक बोट वर करून मेंदे भाषेतले एक ते दहा आकडे शिकले, आणि न्यूयॉर्कच्या धक्क्यावर ते मोठ्याने म्हणत फिरले. जेम्स कोवी या खलाशाने ते ओळखले. तोही एकदा गुलामीत विकला गेलेला! कैद्यांना वाचा फुटली. माजी अध्यक्ष ॲडम्स वयाच्या ७३ व्या वर्षी त्यांच्या बाजूने उभे राहिले. ९ मार्च १८४१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना मुक्त ठरवले. वर्षअखेर उरलेले ३५ जण मायदेशी निघाले. त्या देशातली गुलामगिरी मात्र कायद्याने संपायला १८६५ साल उजाडले.

कोणी म्हणेल, रक्त सांडले ते कसे मानावे? आम्ही म्हणतो, बेडी कोणी घातली ते आधी विचारा.

आणि परक्यांना नावे ठेवून आपण सुटत नाही. चोखोबांना देवळाबाहेर राहावे लागले. पंढरीचे दार सर्वांना उघडावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले. आपण एकमेकांना माऊली म्हणून पाया पडतो ना? मग ज्याचे गाऱ्हाणे कोणी ऐकत नाही त्याच्याजवळ बसावे, त्याचे दहा शब्द तरी शिकावे. तीही वारीच.

रामकृष्णहरि!