पानात टाकलेले

पानात काही टाकू नये, हे आमच्या घरचे वळण. गेल्या वर्षी रक्तपुरवठा तुटल्याने माझे लहान आतडे कापावे लागले. सुमारे २० फुटांपैकी उरले ६. आता दिवसातून सहादा जेवतो, पान चाटूनपुसून स्वच्छ करतो. आणि त्यातले बरेचसे अंगी न लागताच जाते. मग हे टाकणे नव्हे काय? डॉक्टर म्हणाले, उरलेले आतडे अन्नाच्या स्पर्शानेच तयार होते. वर्ष-दोन वर्षांत त्याच्या आतले सूक्ष्म अंकुर लांबतात. म्हणजे वाया जाणारा घासच त्याला शिकवणार! हिशेब पटला. तरी काल नातवाने अर्धी पोळी टाकली, तेव्हा रागवायला उघडलेले तोंड मी तसेच मिटले. हिने मुकाट्याने मला आणखी भात वाढला.