अजून धूसरच आहे
आजचा शास्त्रभाग : मार्क ८:२२-२६

तीन महिने झाले, उजव्या डोळ्याने धूसर दिसतंय. चष्म्याचा नंबर तोच, ओसीटी नॉर्मल, एमआरआयही नॉर्मल. कारण सापडत नाही म्हणे. आणि "विश्वास कमी पडतोय" म्हणणाऱ्यांचा, खरं सांगते, रागच येतो.

बेथसैदाच्या आंधळ्याला प्रभूने स्पर्श केला, तरी माणसं त्याला चालत्या झाडांसारखी दिसली. अर्धवट! हा प्रसंग फक्त मार्कमध्येच आहे. प्रभूने विचारलं तेव्हा "सगळं स्पष्ट दिसतंय" असं काही तो बोलला नाही. दिसलं तेच सांगितलं. प्रभूनेही त्याचा विश्वास तपासला नाही, पुन्हा डोळ्यांवर हात ठेवले.

सोमवारी परत डॉक्टरांकडे जायचंय. तोवर माझीही प्रार्थना एवढीच : प्रभू, अजून धूसरच आहे.