कोपऱ्यातली खिडकी

"मामा, न आलेल्या कॅमेऱ्यानं आत्तापर्यंत किती फोटो काढलेस?" पोह्यांवर लिंबू पिळता पिळता भाच्यानं विचारलं आणि तो खाऊ लागला. टोमणा मारून गप्प बसणाऱ्याशी भांडताही येत नाही. म्हणून इथं भांडतोय.

फुजीफिल्मच्या एक्स-१०० मालिकेतला सहावा कॅमेरा २०२४ च्या फेब्रुवारीत जाहीर झाला, तेव्हाच मी दुकानात नाव नोंदवलं. आता तिथला मुलगा फोनवर माझा नुसता आवाज ओळखतो. फोनमध्येही फोटो छान येतात, मेगापिक्सेलना आता कुणी भुलत नाही, हे सगळं मान्य. माझा जीव अडकलाय तो कॅमेऱ्याच्या डाव्या कोपऱ्यातल्या छोट्याशा काचेच्या खिडकीत.

ही खिडकी मूळची रेंजफाइंडर कॅमेऱ्यांची. रेंजफाइंडर हे खरं तर अंतर मोजायचं यंत्र. खिडकीत एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्सचं कडं फिरवून एक दुसरीवर नेमकी बसवली की फोकस झाला. १९५४ चा लायका एम३ हा त्या घराण्याचा राजा. माझ्या कॅमेऱ्यात ते यंत्र नाहीच, फोकस तो आपला आपण करतो. राहिलीय ती खिडकी. वाडा पाडून फ्लॅटच्या हॉलमध्ये एक सागवानी खांब उभा करावा, तसं.

तरीही ती हवी, कारण फोटोत काय येणार हे दिसणं वेगळं आणि काय येणार नाही हे दिसणं वेगळं. आरशाच्या एसएलआर कॅमेऱ्यात चौकटीबाहेर अंधार. शिवाय बटण दाबताच आरसा वर उचलला जातो, म्हणजे ज्या क्षणासाठी थांबलो तोच डोळ्यांना दिसत नाही. या खिडकीत उजळ रेघांची चौकट मधोमध तरंगते आणि तिच्या आजूबाजूलाही जग चालू असतं. सायकलवाला चौकटीत शिरण्याआधीच दिसतो. त्याला आत घ्यायचं की जाऊ द्यायचं, हे ठरवायला क्षणभर वेळ मिळतो. माझ्या मते सगळी छायाचित्रकला त्या क्षणभरात आहे.

भाचा म्हणतो, वाट पाहणं ही पळवाट. असेलही. पण आमच्या पिढीला ते वळणच आहे. आकुर्डीच्या चेतकसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबले. स्कूटर यायची होती, पण जिन्याखाली ती कुणी लावायची यावरून शेजाऱ्यांत अबोला आधीच सुरू झालेला असे. न आलेली वस्तू घरात बरीच जागा व्यापते.

माझ्याकडे आणखी एक हुकमी मुद्दा होता. खिडकी डाव्या टोकाला, म्हणून उजवा डोळा लावला की नाक कॅमेऱ्यावर चेपत नाही आणि डावा डोळा मोकळा राहतो. समोरच्याला आपला अर्धा चेहरा दिसतो, तो बुजत नाही. हा मुद्दा मी लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकवलाय. भाच्यानं एवढंच विचारलं, "पण तुझा चालता डोळा कुठला?"

ते तपासायला दोन्ही तळव्यांचं भोक करून त्यातून भिंतीवरच्या कालनिर्णयावरची एकादशी धरली. उजवा डोळा मिटला, एकादशी जागेवर. डावा मिटला; एकादशी अंगठ्यामागे गडप. म्हणजे मी डावरा, डोळ्यानं. त्या खिडकीला डावा डोळा लावला तर अख्खा कॅमेरा माझ्या तोंडावर येणार आणि नाक मागच्या स्क्रीनवर.

मग उरलं चौकटीबाहेरचं. त्याची खात्री करायला संध्याकाळी मंडईत फोन हातभर लांब धरून उभा राहिलो आणि ओशाळलो. फोनच्या चारी बाजूंना अख्खी मंडई होती. चौकटीबाहेरचं एवढं जग कुठल्याच खिडकीत मावणार नाही. माझ्या लाडक्या भेदाचा उत्तम नमुना भाच्याच्याच पक्षात निघाला.

मग इतकी वर्षं ते दिसलं का नाही? कारण डोळा उजेडाकडे धावतो आणि स्क्रीन उजळ असतो. खिडकीत आत-बाहेर एकच ऊन, मध्ये फक्त रेघ. फोनमध्ये आतला उजेड वेगळा, त्यापुढे बाहेरचं असून नसल्यासारखं. म्हणजे खिडकी मला नवं काही दाखवणार नव्हती. जे समोर होतं ते पाहायची आठवण करून देणार होती. ज्याला आठवण लागत नाही, त्याला खिडकीही लागत नाही.

फोन धरूनच ठेवला, नजर त्यावरून काढली. कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाणी शिंपडणारी बाई. डावीकडून नाण्यांची मूठ घेऊन येणारा एक हात. तो अजून बाहेर होता. थांबलो. आत आला तसं बटण दाबलं.

दुकानातलं नाव मी काढलेलं नाही. विसराळू माणसाला आठवण लागतेच. पण भाच्याच्या प्रश्नाला आता उत्तर आहे. न आलेल्या कॅमेऱ्यानं काढलेले फोटो : एक. थोडा वाकडा आलाय.