हरवलेले नाणे आणि राहिलेली वही



संत लूकच्या शुभवर्तमानातील 15व्या अध्यायात हरवलेले मेंढरू आहे, तसेच हरवलेले नाणेही आहे. मेंढरू रानात हरवते, नाणे घरातच. ती स्त्री नाण्याला बोल लावत नाही. दिवा लावते, घर झाडते आणि सापडेपर्यंत शोधते.

धर्मशिक्षणाच्या वर्गात एक मुलगा सलग तीन रविवार पुस्तक विसरला. चौथ्या रविवारी आम्ही त्याला बाहेर उभे केले. मिस्सानंतर त्याची आई भेटली. शाळेतही रोज हेच घडते: गृहपाठ केलेला असतो, वही घरी राहते. डॉक्टरांनी एडीएचडी असल्याचे सांगितले होते. लोक काय म्हणतील म्हणून ती गप्प होती. (दोघांना विचारूनच हे लिहीत आहोत.) सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना इच्छाशक्तीवर आम्ही पानेच्या पाने लिहिली होती. इच्छा असूनही लक्ष टिकत नाही, हे त्या आईने शिकवले.

हा आळस नव्हे, लाडाचा परिणामही नव्हे. लक्ष टिकवणे, कामाचा क्रम लावणे, वेळेचा अंदाज घेणे या मुलांच्या मेंदूला जड जाते. सगळीच मुले धिंगाणा घालत नाहीत. खिडकीतून पारसिकच्या डोंगराकडे पाहत बसणारी मुलगी कुणाच्या ध्यानातही येत नाही.

तर दिवा लावू या. दप्तर रात्रीच भरून दाराशी, चपलांजवळ ठेवावे. एका विषयाच्या वही-पुस्तकाला एकाच रंगाचे कव्हर घालावे. वेळापत्रक भिंतीवर लावावे. 15 मिनिटे अभ्यास, मग उठून पाणी प्यावे. एका वेळी एकच गोष्ट सांगावी. बाईंना पहिला बाक मागावा आणि शाळा सुटण्यापूर्वी डायरीवर नजर टाकण्याची विनंती करावी. हा आधार वर्षानुवर्षे लागतो. ‘आता मोठा झालास’ म्हणून काढून घेऊ नये.

2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचे नाव नाही. पण पुष्कळ मुलांत दोन्ही एकत्र आढळतात, म्हणून तपासणी टाळू नका. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अध्ययन अक्षमतेचे क्लिनिक आहे.

येत्या रविवारपासून धर्मशिक्षणाची पुस्तके वर्गातल्या कपाटातच राहतील. त्या मुलाची आम्ही क्षमा मागितली. तो म्हणाला, “फादर, पुस्तक आजपण राहिलं.”