मृतांच्या वतीने वैर?



दोन देशांत एकेकाळी युद्ध झालेले असावे आणि त्या देशांचे दोन प्रवासी एकाच वाटेवर भेटावेत. त्यांनी मैत्री करावी का? प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. एकाचे आजोबा दुसऱ्याच्या आजोबांच्या गोळीने मेलेले असू शकतात. मग अशी मैत्री म्हणजे आपल्या मृतांशी केलेली बेइमानी तर नव्हे?

नुसता तर्क लढवून ह्याचे उत्तर मिळणार नाही. म्हणून आपण फ्रान्समधील वेझले ह्या जुन्या तीर्थक्षेत्राकडे पाहू या. ११४६ साली संत बर्नार्ड ह्यांनी ह्याच टेकडीवरून दुसऱ्या धर्मयुद्धाची हाक दिली होती. आठशे वर्षांनी, १९४६ च्या जुलैमध्ये, तिथे शांतीसाठी यात्रा भरली. ठिकठिकाणचे यात्रेकरू चौदा जड लाकडी क्रूस खांद्यावर घेऊन पायी आले. महायुद्ध संपून जेमतेम वर्ष झाले होते. जवळच्या छावणीत जर्मन युद्धकैदी होते. आम्हालाही येऊ द्या, अशी विनंती त्यांनी केली. बॉम्बने पडलेल्या घरांच्या वाशांचा त्यांनी क्रूस केला, आणि तो पंधरावा क्रूसही त्या यात्रेत सामील झाला.

त्या क्रूसामुळे कोणाचे घर पुन्हा उभे राहिले नाही. पण झाले गेले विसरा, असेही ते कैदी म्हणाले नाहीत. पडलेल्या घराचे लाकूड खांद्यावर घेऊनच ते आले.

त्याच बरगंडी प्रांतात तेझे नावाचे खेडे आहे. युद्धकाळात बंधू रॉजर ह्यांनी तिथे निर्वासितांना लपवले, आणि युद्धानंतर रविवारी जर्मन कैद्यांचेही स्वागत केले. १९६२ साली तिथे समेटाचे चर्च उभे राहिले. ते बांधायला जर्मनीहून तरुण स्वयंसेवक आले होते. आपल्या देशाच्या अपराधाचे प्रायश्चित्त म्हणून युद्धात होरपळलेल्या देशांत कष्ट करायचे, असे त्यांच्या संघटनेचे व्रत होते.

ते तरुण गुन्हेगार होते काय? आम्हाला तसे वाटत नाही. गुन्हा हा जमिनीसारखा वारसांच्या नावाने सातबाऱ्यावर चढत नाही. पण वडिलांनी शेजाऱ्याचा बांध कोरला असेल, तर तो पुन्हा नीट घालून देणे मुलाच्या हातात असते. दोष वारशाने येत नाही, जबाबदारी मात्र येते.

आता दुसऱ्या बाजूचा विचार करू. ज्याच्या घरचे माणूस मारले गेले, त्याने काय करावे? मृतांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे खरे. पण मग त्यांच्या वतीने वैर चालवण्याचा अधिकार तरी आपल्याला कोणी दिला? त्यांची आठवण आपल्याकडे ठेव म्हणून आहे. ती जपावी, तिचे शस्त्र करू नये.

मैत्री एका भेटीत होत नाही. एकत्र बसून पुरेसे मीठ खाल्ल्याशिवाय माणसे एकमेकांना ओळखत नाहीत, ही म्हण ॲरिस्टॉटलनेही मैत्रीची चर्चा करताना सांगितली आहे. आपल्याकडेही ज्याचे मीठ खावे त्याच्याशी इमान राखावे म्हणतात. प्रवासात हे मीठ नकळत खाल्ले जाते.

आखातात नोकरीला गेलेल्या आपल्या मुलांना हे वेगळे सांगायला नको. १९६५ आणि १९७१ ची युद्धे ज्या देशाशी झाली, तिथल्या माणसाबरोबर तिथे काम करावे लागते, कधी एकाच खोलीत राहावे लागते. त्या युद्धांबद्दल दोघांचे मत एक होईलच असे नाही. तसे व्हायलाही नको. एकाला ताप आला की दुसरा पेज करून देतो, आणि वाद उद्यावर जातो. हा उद्या पुनःपुन्हा पुढे ढकलता येणे, हीच कदाचित शांतीची पहिली पायरी असेल.

सुट्टीवर घरी आलेल्या मुलाला पगाराबरोबर एवढेही विचारू या : तुझ्या खोलीत कोण राहतो? त्याच्या घरी सगळे बरे आहेत ना?

आपला धर्मगुरू