गर्दीतून एकीकडे

मार्काच्या ७ व्या अध्यायातील बहिऱ्या-तोतऱ्या मनुष्यास प्रभूने बरे केले, हे आपणांस ठाऊक आहे. परंतु प्रथम त्यास गर्दीतून एकीकडे नेले व खुणांनी त्याच्याशी व्यवहार केला, इकडे किती जणांचे लक्ष जाते?

खेड्यात स्वमग्न मूल असले की कोणी भूतबाधा म्हणतो, कोणी आईबापांचे पाप काढतो. दोन्ही खोटे. ती मेंदूची निराळी घडण होय, आणि २०१६ च्या कायद्याने तिला हक्कही दिले आहेत.

लंडन येथे १९७४ साली जन्मलेला स्टीफन विल्टशायर बालपणी बोलत नसे. चित्रे मात्र काढी. शिक्षकांनी ते वेड मोडले नाही, वाढविले. आणि त्याच्या मुखातून पहिला शब्द निघाला तो ‘कागद’! २००५ साली त्याने हेलिकॉप्टरमधून पाहिलेले टोकियो नगर केवळ स्मरणाने रेखाटले. सर्वच मुले अशी निपजत नाहीत. तरी कागद सर्वांना द्यावा.

यास्तव नेर भागातील मंडळ्यांनो, अशा मुलास ढोलकीचा आवाज सोसत नसेल तर दारापाशी बसू द्या. गेरू, कोळसा हाती द्या. त्याने एकच बैल शंभर वेळा काढला तरी पुसू नका. नाताळासाठी मंदिराची एक भिंत त्याच्याकडे सोपवावी; पंचांनी ती आताच चुना देऊन ठेवावी.